स्टिकलबॅकची बरणी

ऐंशीच्या दशकात मी चामटोलीहून उल्हासनगरच्या कॉलेजात जायचे. शेवटच्या वर्षाला झूलॉजी घेतलं होतं. आमच्या घरात भातशेती. माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं, त्यामुळे वर्गात मी कुठेही कमी पडता कामा नये, असं कुणी न सांगताच माझ्या डोक्यात बसलं होतं.

प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बाहेरचे परीक्षक येणार होते. त्याआधी विभागातलं माशांचं म्युझियम नीट लावायचं काम आमच्या विभागप्रमुख सरांनी माझ्यावर सोपवलं. म्युझियम म्हणजे एक लांबोडकी खोली, तीन भिंतींना कपाटं आणि त्यांत फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेल्या माशांच्या बरण्या. मदतीला लॅबचे अटेंडंट होते. पंचेचाळिशीचे असतील, अंबरनाथला राहायचे. आम्ही विद्यार्थी त्यांना काका म्हणायचो. शाळा सातवीपर्यंतच, पण बरण्यांवरची इंग्रजी लेबलं अक्षर अक्षर लावून वाचत ते इंग्रजी शिकले होते.

सगळ्यात अडलं ते एका बोटभर माशावर. स्टिकलबॅक. थंड मुलखातला, पाठीवर तीन सुटे काटे असलेला. आमच्याकडच्या नदीत तो सापडत नाही. कुणीतरी कधीकाळी परदेशातून आणून कॉलेजला दिलेला. मी तो उचलून पर्चच्या गटात, खाडीतल्या जिताड्याच्या बरणीशेजारी ठेवला, कारण जिताड्याच्याही पाठीवर काटे असतात.

काका म्हणाले, "ताई, हा इथला नाही. समुद्रघोडा आणि नळीमासा आहेत ना, त्यांच्या फळीवरचा आहे."

"कशावरून?"

"जिताड्याला खवले आहेत. याला खवले नाहीत, कडेला हाडाच्या चकत्या आहेत. नळीमाशाच्या अंगावर तशीच हाडाची कडी असतात. आणि काटे बघा, जिताड्याचे पडद्याने जोडलेत, याचे सुटे आहेत."

त्यांनी बरणी उजेडात धरून दाखवली. मला दिसत होतं. पण काकांनी मला शिकवावं, हे मला सोसलं नाही. "काटे म्हणजे काटेच," असं म्हणून मी बरणी जिताड्याशेजारीच ठेवली आणि लेबलही तसंच लिहिलं. पुस्तक उघडायला दोन मिनिटं लागली असती.

परीक्षेच्या दिवशी परीक्षक सकाळी आले. त्या कपाटापाशी थांबले, चष्मा वर केला आणि सरांना म्हणाले, "स्टिकलबॅक पर्चच्या गटात? तुमच्या मुलांना हेच शिकवता का?"

सरांचा चेहरा उतरला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. काका माझ्या मागे फडकं घेऊन उभे होते.

मी म्हटलं, "सर, मी बरोबर लावलं होतं. पुसताना काकांनी बरण्या हलवल्या असतील."

लेबल माझ्या अक्षरातलं होतं. ते कुणी पाहिलं नाही. सर काकांवर ओरडले, सगळ्या वर्गासमोर, त्या परक्या माणसासमोर. "वाचता येत नाही तर हात कशाला लावतोस रे?" सर वयाने त्यांच्यापेक्षा लहान होते. काकांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. मला वाटलं, आता सांगतील. पण त्यांनी फडकं घडी करून खिडकीत ठेवलं आणि बाहेर गेले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांना म्युझियमची किल्ली मिळेना. काचेची भांडी धुण्याच्या मोरीवर त्यांची नेमणूक झाली. लॅब असिस्टंटच्या जागेसाठी त्यांनी अर्ज केला होता, तोही त्याच महिन्यात नामंजूर झाला. मी पहिल्या वर्गात पास झाले. निकालाच्या दिवशी मोरीवरून ते म्हणाले, "अभिनंदन, ताई." मी थँक्यू म्हटलं आणि भरभर जिना उतरले.

नव्वदनंतर मी बदलापूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवू लागले. वर्गीकरणाचा धडा आला की मी तो घाईघाईने उरकायचे. एका रविवारी मात्र ठरवून अंबरनाथला गेले. कॉलेजच्या प्राचार्यांना लिहिलेलं पत्र पर्समध्ये होतं. घर सापडलं. समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली पोरांची पुस्तकं. काकांचे केस पांढरे झाले होते, पण त्यांनी मला लगेच ओळखलं. काकूंनी चहा ठेवला.

मी सगळं बोलून टाकलं. ते ऐकत राहिले.

"मला माहीत होतं, ताई," ते म्हणाले. "लेबल तुमच्या अक्षरात होतं ना."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"बोललो असतो, तर सरांनी कुणाचं ऐकलं असतं?"

मी पत्र काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. तिथे मी लिहिलं होतं, 'माझ्याकडून अनवधानाने चुकीची माहिती दिली गेली.'

"अनवधानाने नाही ना, ताई?"

माझे कान तापले. काकूंचा हात चहाच्या भांड्यावर थांबला होता.

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी मुलीच्या वहीतून दोन कोरी पानं आणि मध्ये घालायला कार्बन काढून दिला. "मग परत लिहा. एक प्रत मला राहू दे. पोरांना वाचायला हवी."

मी जमिनीवर बसून लिहू लागले. 'मी खोटे बोलले' हे तीन शब्द लिहायला मला फार वेळ लागला. काका समोर बसून होते. त्यांनी घाई केली नाही, की राहू द्या असंही म्हटलं नाही.