सात दिवसांची मुदत आणि यवतमाळ–उमरखेड रस्ता

बुधवारी संध्याकाळी फोन आला तेव्हा मी नागपूरच्या घरी मुद्रितं तपासत बसले होते. तोच माझा पोटापाण्याचा धंदा आहे. फोन माझ्या मामेबहिणीचा, वैशालीचा. ती उमरखेडजवळच्या एका गावची सरपंच.

"ताई, काल मासिक सभेत माहा राजीनामा वाचला व! म्या देल्लाच नाही, अन् वाचला!"

तिला शांत करून विचारलं तेव्हा कळलं ते असं. अडीच वर्षांपूर्वी सरपंच होताना पॅनलने तिच्याकडून एक राजीनामा आधीच लिहून घेतला होता. खाली सही, तारखेची जागा कोरी. आमच्याकडे बऱ्याच गावांत ही रीतच आहे: अडीच वर्षं एकीची, अडीच दुसरीची, आणि पहिलीने ऐनवेळी पाय रोवू नये म्हणून कागद पॅनलप्रमुखाच्या कपाटात. या गावचे पॅनलप्रमुख म्हणजे भाऊ. त्यांनी परस्पर तारीख भरून कागद पंचायत समितीत पाठवला, तिथून तो सभेत आला. पुढची सरपंच भाऊंची सून होणार होती आणि तांड्यापर्यंत जाणारी पाण्याची पाइपलाइन अर्ध्यावरच थांबणार होती. वैशालीचा जीव त्या पाइपलाइनमध्ये अडकला होता.

"भाऊ म्हणते, अपिलाले महिना असते, आरामात कर."

समोरचा माणूस आपल्याला 'आरामात' म्हणतो तेव्हा मी आधी कॅलेंडर पाहते. गुरुवारी सकाळी पहिल्या एसटीत बसले.

नागपूर ते यवतमाळ साडेतीन तास धरा. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे खिशाला झळ नाही, पण बसायला जागा हवी तर गणेशपेठेच्या स्थानकावर अर्धा तास आधी जा. रस्ता आता इतका गुळगुळीत आहे की शेजारच्या आजी कळंब येईपर्यंत माझ्या खांद्यावर झोपल्या. मला मात्र डोळा लागेना. दर दहा मिनिटांनी घड्याळ पाहत होते. घड्याळ पाहून काय होणार होतं कोण जाणे.

यवतमाळात उतरल्यावर स्थानकासमोर तर्री घातलेला आलुबोंडा खाल्ला, उभ्यानेच. मग कोर्टाजवळच्या पुस्तकांच्या दुकानात गेले. ग्रामपंचायत अधिनियमाची तीन पुस्तकं निघाली, तिन्ही वेगवेगळ्या वर्षांची. तुम्हीही असं काही शोधायला निघालात तर माझी पहिली ठेच तुमच्या उपयोगी पडो: सगळ्यात स्वस्त पुस्तक घेऊ नका. सरपंच थेट लोकांनी निवडायचा की सदस्यांनी, एवढी एकच गोष्ट गेल्या काही वर्षांत इकडून तिकडे आणि तिकडून इकडे गेली आहे. जुनं पुस्तक खोटं बोलत नाही, ते कालचं बोलतं. पानाखालच्या तळटिपा बारीक अक्षरात असतात. कोणता शब्द कोणत्या सुधारणेने आला आणि कोणता गेला, ते तिथे सापडतं.

कलम एकोणतीस मी दुकानातच उभी राहून वाचलं. राजीनामा आपला नाही असं म्हणायचं असेल, तर तो सभेपुढे ठेवल्यापासून सात दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे जायचं. महिना कसला? सात दिवस! सभा मंगळवारी झाली होती. मध्ये शनिवार-रविवार, सरकारी कार्यालयं बंद.

दुकानदार म्हणाला, "मॅडम, घ्यून राह्यल्या का नुसतंच वाचून राह्यल्या?"

घेतलं. पण त्याच कलमात एक शब्द टोचत होता: राजीनामा 'विहित रीतीने' द्यावा. ती रीत पुस्तकात कुठेच नव्हती. दुकानदारानेच बाभुळगावच्या देवरावकाकांचं नाव सांगितलं. निवृत्त ग्रामसेवक, राजपत्रांचे गठ्ठे बाळगून असलेला माणूस. बाभुळगाव उत्तरेला आणि उमरखेड पार दक्षिणेला. चरफडत उलट्या दिशेच्या बसमध्ये चढले.

काकांच्या घरी आधी चहा झाला, मग माझी कुंडली विचारून झाली, मग चष्मा सापडेना. मी खुर्चीच्या टोकावर. शेवटी ते म्हणाले, "कायले एवढी घाई करता? बसा नीट. कायदा कसा होते, मालूम आहे का?"

"विधेयक मांडतात, दोन्ही सभागृहांत पास होतं, राज्यपालांची सही, मग राजपत्रात येतं," मी शाळेतल्यासारखं घडाघडा म्हटलं.

"बरोबर. पण तो झाला सांगाडा. कायदा म्हणजे लग्नाची पत्रिका पाहा. लग्न कोणाचं, कुठं, कवा, एवढं तिच्यात. पंगतीत कोणी कुठं बसायचं ते नसते. ते सरकार मागून नियमात लिहिते. कायद्यात 'विहित' शब्द दिसला का समजायचं, बाकीचं नियमात आहे. लोक कायदा वाचतात अन् नियम सोडतात, तिथंच फसतात."

त्यांनी पिवळ्या पडलेल्या गठ्ठ्यातून नियम काढले. राजीनामा कोणी, कोणाकडे, कसा पोचवायचा ते त्यात होतं. मी पानांचे फोटो घेतले. निघताना त्यांनी विचारलं, "कागदावर साक्षीदार कोण हायेत? त्याईले धरजो. कागद खोटं बोलला तरी साक्षीदाराले तोंडानं बोलावं लागते."

हे वाक्य मला फार आवडलं. यवतमाळलगत लोहाऱ्याला मैत्रिणीकडे मुक्काम केला आणि तिलाही ते दोनदा ऐकवलं.

शुक्रवारी यवतमाळहून उमरखेड. आर्णी, महागाव करत तीन तास. दोन्हीकडे कपाशी, मध्ये तूर. आर्णीला गाडी थांबली तर चहा प्या, लगेच प्या, कंडक्टर कोणाची वाट पाहत नाही. उमरखेडहून गावापर्यंत काळीपिवळी जीप. ती भरल्याशिवाय निघत नाही आणि भरली तरी आणखी दोघांसाठी थांबते. माझी धुसफूस पाहून ड्रायव्हर म्हणाला, "बाई, पळत जाता का मंग?" खरंच गेले असते.

वैशालीने कढीगोळे आणि भाकरी केली होती. मी हात धुवायच्या आधीच राजीनाम्याची झेरॉक्स मागितली.

"साक्षीदार कोण आहेत पाहू," मी म्हटलं, काकांच्याच थाटात.

वैशालीने आतून झेरॉक्स आणली. कागद माझ्या हातात दिला. साक्षीदार क्रमांक एक, भाऊंचा पुतण्या. साक्षीदार क्रमांक दोन, खाली माझी सही.

मला ती दुपार आठवली. वैशाली सरपंच झाल्याचा गुलाल, पेढे, अंगणात गर्दी. मी नागपूरहून कौतुकाने आले होते. भाऊ म्हणाले होते, "ताई, तुम्ही शिकल्यासवरल्या, इथं एक सही करा." मानाने सांगितलं म्हणून मानाने केली. कशावर केली ते पाहिलंही नाही. मला लाज वाटली.

"फोनवर का नाही सांगितलंस?"

"सांगतलं असतं तं तू आली असती का?"

शनिवार आणि रविवार मी अंगणात फेऱ्या मारल्या. मधल्या वेळात काकांकडचे नियम समोर ठेवून अर्ज लिहिला. राजीनाम्यावर भाऊंनी जी तारीख टाकली होती, त्या दिवशी मी नागपुरात डोळ्यांच्या डॉक्टरकडे होते. पावती घरी होती, मुलीकडून त्या पावतीचा फोटो मागवला. चष्म्याचा नंबर वाढल्याची पावती. वैशाली पहिल्यांदा हसली, "ताई, नंबर अडीच वर्षं आधीच वाढाले पाहिजे होता."

सोमवारी पहिल्या बसने दोघी यवतमाळला. जिल्हाधिकारी कार्यालयात आवक शाखा शोधा, अर्जाच्या दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. शिक्का बसला तो सहावा दिवस होता. सोबत माझं प्रतिज्ञापत्र होतं: तारीख कोरी असताना, मजकूर न वाचता मी साक्षीदार म्हणून सही केली. टंकलेखकाने मान वर करून विचारलं, "असंच लिहू?" म्हटलं, असंच लिहा.

पुढच्या आठवड्यात सुनावणीला पुन्हा गेले. जिल्हाधिकारी साहेबांनी वैशालीला विचारलं, सही तुमची का? ती म्हणाली, "सही माही आहे, तारीख माही नाही." मला विचारलं, वाचून सही केली का? "नाही." व्यवसाय काय? "मुद्रितं तपासते." साहेबांनी लेखणी थांबवून माझ्याकडे पाहिलं, मग लिहिलं. कोपऱ्यात भाऊंना खोकला आला.

घरी परतले. आठ दिवसांनी वैशालीचा फोन: राजीनामा खरा नाही, सरपंचपद कायम. मागे कोणाकोणाचा आरडाओरडा चालला होता. मी इतकी खूश झाले की भाऊंना जी काही नावं ठेवायची ती सगळी ठेवली. "भोळ्याभाबड्या बाईला न वाचू देता सही घ्यायची म्हणजे..."

"ताई," ती म्हणाली, "तुले विचारलं तसं मले नाही विचारलं साहेबानं. विचारलं असतं तं खरं सांगतलं असतं. म्या वाचलं होतं."

"काय?"

"दोनदा वाचलं. पुतण्यानंच लिवलं होतं, त्याच्यासमोरच वाचलं. सही नाही केली तं पॅनल नाही, पॅनल नाही तं सरपंच नाही. म्हणलं, अडीच वर्षं तं भेटतीन, पाइप तं टाकणं होईन. पाइप अर्धा राह्यला म्हणून भांडली. नाही तं गेली असती मी मुकाट्यानं."

फोन ठेवल्यावर मुद्रितं पुढे ओढली, पण एक ओळ पुढे सरकेना. दोन खेपा घातल्या, राजपत्रं धुंडाळली, फसलेल्या बहिणीला सोडवायला म्हणून. तिने सगळं समजून सही केली होती. त्या कागदावर तीन सह्या होत्या आणि न वाचता सही करणारी त्यांत मी एकटीच होते.