मागच्या पानावरचा नंबर

मॅट्रिकच्या निकालादिवशी आमच्या जुन्या खासगी शाळेच्या ओट्यावर मोताळ्याकडून पायी आलेला एक शेतकरी भेटला. त्यानं फेट्यातून मुलाच्या नंबराची चिठ्ठी काढून दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली.

"पाह्य नं बाबू, मले वाचता येत नाई."

मी स्वतः पास झाल्याच्या तोऱ्यात होतो. हातातल्या निकालाच्या पेपरावर नजर फिरवून म्हणालो, "नाही."

"बरं. उद्यापासून त्याले वखरावर लावतो." चिठ्ठी मात्र त्यानं पुन्हा जपून खोचली.

घरी पेपर उलटला, तर तो नंबर मागच्या पानावर! धावत रस्त्यापर्यंत गेलो. तो दिसला नाही.

नंबर अजून पाठ आहे. शाळेत सांगितला असता, तर पत्ता लगेच मिळाला असता. पण मग चूक कोणाची, तेही सांगावं लागलं असतं.