चार बोटं पाणी

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही — बायकोजवळसुद्धा नाही. तुम्हाला का सांगतोय, ते मलाही नीट ठाऊक नाही.

जुळे सोलापुरात घर बांधलं तेव्हा मी अंगणात कमळासाठी छोटं तळं करून घेतलं. सिमेंटचं, खाटेएवढं. नळाला चार-चार दिवसांनी पाणी, आणि हा गडी कमळं लावतोय — लोक हसले. हसू देत, हौस माझी होती. त्याच वर्षी माझी थोरली बहीण, अक्का, मंगळवेढ्याहून आमच्याकडे राहायला आली. भावजी गेल्यावर तिकडे ती एकटी पडली होती.

उन्हाळ्यात तळं उतरायला लागलं. संध्याकाळी खुणेपर्यंत भरलेलं पाणी सकाळी चार बोटं खाली. आता अक्काची सवय अशी, की तांदूळ धुतलेलं पाणीही ती झेंडूला घालायची. मग तळ्यातलं पाणी कोण नेत असणार? मी दुसरा विचारच केला नाही. खरं सांगू? — करायचा नव्हता. तळं गळतंय म्हणजे मी उभं राहून करून घेतलेलं काम कच्चं. ते मला मानवत नव्हतं.

एकदा शेजारी चहाला बसले होते. त्यांच्यादेखत मी तिला विचारलं.

“मी हात लावला न्हाय, तम्मा,” ती म्हणाली. धाकट्या भावाला आमच्यात तम्मा म्हणतात.

“मग काय तळ्याला पाय फुटले?”

कुणीतरी हसलं. दोन दिवसांनी अक्का एसटीनं मंगळवेढ्याला निघून गेली.

बायको तेव्हा बार्शीला, माहेरी होती. घरात मी एकटा. आणि दुसऱ्या सकाळी पाणी — पुन्हा चार बोटं खाली.

लाज वाटली का? आधी राग आला, तळ्याचा. मग पाणी उतरू दिलं. जिथं ते थांबलं, तिथंच कुठंतरी फट असणार. परत थोडं भरून कडेकडेनं कपड्यांच्या निळीचे थेंब सोडले. निळी रेघ सावकाश तळ्यात पाणी आणणाऱ्या पाइपाकडे सरकली आणि त्याच्या शेजारी भिंतीत शिरली. काडी जाईल एवढी फट. तळं कोरडं केलं, फट खरवडली, वॉटरप्रूफ सिमेंट भरलं. हात धुतले.

बायको परत आली, चार दिवस तळं बघत राहिली. “अक्का गेल्या आणि पाणी राहिलं की हो,” म्हणाली. सहजच म्हणाली.

तिथं मला तोंड उघडायचं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी “हं” म्हणालो. माझ्याच हातानं बुजवलेली फट माझ्या बहिणीविरुद्धचा पुरावा झाली, आणि मी ती होऊ दिली. शेजाऱ्यांनाही तेच कळलं. मी भित्रा होतो, दुसरं काही नाही.

अक्का अजून येते — दिवाळीला, संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेला. चार दिवस राहते, हसते, बोलते. फक्त तहान लागली की तांब्या हातात घेऊन माठापाशी थांबते आणि मला विचारते, “तम्मा, पाणी घेऊ का?”

मी “घे की” म्हणतो.