माझ्या ड्रॉवरात त्याचं हॉलतिकीट

आमच्या घरात कुणी परीक्षेला बसायचं म्हटलं की बायको माझ्याकडं बघून हसते. पोरांना वाटतं, बाप कधीतरी नापास झाला असेल, म्हणून आई हसून राहिली. तेवढंच असतं तर बरं होतं. नापास होण्याची मला कधी लाज वाटली नाही, तेवढा सराव होता. तिचं हसू वेगळ्याच गोष्टीचं आहे. ती गोष्ट तिनं आजवर पोरांना सांगितलेली नाही, हा तिचा मोठेपणा. म्हणून आता मीच सांगून टाकतो.

परभणीतून आमचा जिल्हा वेगळा होऊन थोडीच वर्षं झाली होती. मी गोरेगावहून रोज जीपनं हिंगोलीला जायचो, एका सहकारी संस्थेच्या कार्यालयात. माझ्याकडं आवक-जावक. टपाल आलं की लखोट्यावर शिक्का मारायचा, नंबर टाकायचा, रजिस्टरला चढवायचं, ज्याचं त्याला द्यायचं आणि शेवटच्या रकान्यात त्याची पोहोचल्याची सही घ्यायची. दहा वर्षं हेच केल्यावर हात आपोआप चालतात. एकदा घरी लग्नपत्रिका आली, तिच्यावरही मी नंबर टाकला होता.

तर या कार्यालयात पुण्याहून एक नवे साहेब आले. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. ओली हळद आणि आलं शेजारी ठेवलं असतं तर चाचपडले असते, पण एमबीए होते. मीटिंगमध्ये फळ्यावर एक उभी रेघ, एक आडवी रेघ ओढायचे आणि अध्यक्षांपासून सगळे माना हलवायचे. मी कोपऱ्यात बसून बघायचो. रेघा मलाही ओढता येतात, मला वाटायचं, फक्त कुणी खडू देत नाही.

त्याच महिन्यात मी प्रवेश परीक्षेचा पोस्टल कोर्स मागवला. चार जाडजूड पुस्तकं आली. बत्तिसाव्या वर्षी, एक पोरगी दुसरीत आणि एक पोरगं पाळण्यात असताना, मी एमबीए व्हायला निघालो. सकाळी घरात तासभर आणि मग जीपमध्ये, असा अभ्यास ठरवला. आमची जीप म्हणजे दहाजणांच्या जागेत सतरा माणसं आणि एखादी शेळी. मांडीवर इंग्रजी शब्दांचं पुस्तक, खांद्यावर कुणाचातरी कोपर. सेनगाव येईपर्यंत पाच शब्द पाठ व्हायचे आणि हिंगोलीत उतरताना त्यातले चार जीपमध्येच राहायचे.

एकदा शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "लेकराचा अभ्यास घेऊन राहिले का, बाबू?"

"व्हय, मावशी," मी म्हणालो. खरं सांगायला जीपमध्ये हिंमत लागते.

इथवर सगळं ठीक होतं. पुस्तकं ऑफिसात नेली, ती चूक झाली. नेली ती अभ्यासासाठी नाही, टेबलावर दिसावीत म्हणून. सगळ्यांनी बघितली, उलटली, ठेवली. उलटून जो ठेवीना तो आमचा कॉम्प्युटरवाला. डोंगरकडा गावाकडचा, पंचविशीतला, घरी मेंढरं आणि चार एकर कोरडवाहू. कार्यालयात कॉम्प्युटर एकच आणि तो चालवणारा माणूसही एकच. माझं आवकचं रजिस्टर दर शुक्रवारी तो त्यात उतरवून घ्यायचा. मला भाऊ म्हणायचा.

"भाऊ, हे उत्तर चुकीचं छापलंय का?" त्यानं विचारलं. मी ते गणित दोन दिवस सोडवून छापील उत्तराशी कसंबसं जुळवलं होतं. त्यानं उभ्या-उभ्या, कागद न घेता, ते चूक कसं हे सांगितलं. कोर्सच्या पुढच्या टपालातून शुद्धिपत्र आलं. छापील उत्तर चुकीचंच होतं.

मला हे आवडायला पाहिजे होतं. मी मोठ्या तोंडानं म्हणालोही, "अरे, तूही भर की फॉर्म." माणूस कधीकधी नुसतं बोलायचं म्हणून बोलतो. त्यानं दुसऱ्या दिवशी फॉर्म आणला.

मग डब्याच्या सुट्टीत आमच्या सराव परीक्षा सुरू झाल्या. वीस गणितं, वीस मिनिटं. भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून वेळ सांगायचं काम आमच्या शिपाई मामांचं. पहिल्या दिवशी माझी सात झाली, त्याची अठरा. दुसऱ्या दिवशी मी भाकरी लवकर खाऊन बसलो, तर माझी सहा झाली आणि त्याची एकोणीस.

"भाऊ, तुमी दमानं घ्या," मामा म्हणाले. "वयबी बघावं लागतं माणसाला."

"माझं वय बत्तीस आहे, मामा."

"तेच म्हणून राहिलो."

मी त्याला विचारलं, हे तू शिकलास कुठं. तो लाजला. म्हणाला, "शिकलो न्हाई, भाऊ. सकाळी मेंढरं जाळीतून सोडताना बापाचा हुकूम असायचा, मोजून सोड. मेंढरू काय थांबत न्हाई मोजायला. तीन-तीन, पाच-पाच अशी उड्या मारत निघतेत. नजरेनंच हिशेब धरावा लागतो."

त्या दिवशी घरी जाऊन मी बायकोला म्हणालो, "आमच्या बापानं कधी मेंढरं घेतली नाहीत, माझं नुकसान झालं." आमच्याकडं अठरा एकर, विहीर, बैलांच्या दोन जोड्या. गावात लोक आमचा हेवा करायचे आणि मी डोंगरकड्याच्या मेंढरांचा करत होतो.

हेवा हा आजार कसा आहे, तो एका जागी राहत नाही. आधी मला त्याच्या गणिताचा होता. मग त्याला जीपनं यावं लागत नाही, सायकलनं पाच मिनिटांत खोलीवर जातो, याचा झाला. मग त्याला बायको-लेकरं नाहीत याचा. मग त्याच्या पेन्सिलीचा. साधी पेन्सिल, पण टोक कधी मोडायचं नाही. साहेबांनी एकदा त्याला बोलावून परीक्षेबद्दल दहा मिनिटं सांगितलं. मी बाहेर जावकचे लखोटे चिकटवत होतो. एक लखोटा मी रिकामाच चिकटवला.

मी काय काय केलं तेही लिहितो. कोर्सचा इंग्रजीचा भाग घरी हरवला असं त्याला सांगितलं. हरवला नव्हता, उशीखाली होता. त्याला सर्दी झाली त्या आठवड्यात मी फार प्रेमानं वागलो. तो शिंकला की माझी गणितं जास्त सुटायची.

बायको म्हणाली, "काहून असं करून राहिले त्याच्याशी? तुमची परीक्षा पेपराशी हाय का त्या पोराशी?"

"तुला नाही कळायचं," मी म्हणालो. तिला चांगलंच कळलं होतं.

मग हॉलतिकिटं यायची वेळ झाली. परीक्षा रविवारी, औरंगाबादला. दोघांनीही फॉर्मवर कार्यालयाचा पत्ता दिलेला. त्या आठवड्यात मंगळवारी अकराच्या टपालात त्याचं आलं. पांढरा लखोटा, वर छापील नाव, कोपऱ्यात परीक्षेचा शिक्का. मी सगळा गठ्ठा दोनदा चाळला. माझं नव्हतं.

मी त्याच्या लखोट्यावर शिक्का मारला, नंबर टाकला, चारशे बारा, रजिस्टरला चढवला. आणि मग ज्याचं त्याला द्यायचं सोडून ड्रॉवर उघडला आणि आत ठेवला. मनाशी म्हणालो, उद्या माझं येईल, मग दोन्ही बरोबर देऊ. एकट्याला दिलं तर ऑफिसात उगीच गाजावाजा होईल. किती समजूतदार कारण होतं ते. मी स्वतःलाच शाबासकी दिली.

बुधवारी माझं आलं नाही.

"भाऊ, आलं का काही?" त्यानं विचारलं.

"न्हाई."

"तुमचंबी न्हाई?"

"माझंबी न्हाई." हे तरी खरं होतं.

गुरुवारी त्यानं तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारताना तो हसत नव्हता. त्याच्या बापानं यंदा त्याचं लग्न ठरवायचं काढलं होतं. या परीक्षेत झालं तर ठीक, नाहीतर गावाकडं येऊन मेंढरं बघ, असं बजावलं होतं, हे तेव्हा मामांनी मला सांगितलं. हॉलतिकिटाशिवाय आत घेत नाहीत, हे सांगायला कुणाची गरज नव्हती. मी मान हलवली. हात ड्रॉवरच्या मुठीवर होता. उघडावा वाटलं. पण आता काढून दिलं तर दोन दिवस कुठं होतं हे सांगावं लागणार. एक दिवस असता तर विसरलो म्हणता आलं असतं. दोन दिवसांचं विसरणं कुणी मानत नाही. आणि खरं सांगू, त्याच्याही हातात ते नाही या कल्पनेनं दोन दिवस मला फार छान झोप लागली होती.

शुक्रवारी सकाळी तो माझ्या टेबलाशी आला. म्हणाला, "भाऊ, म्या सुट्टी टाकलीय. उद्या पहाटेच्या गाडीनं औरंगाबादला जातो. ज्या कॉलेजात परीक्षा हाय, तिथं चौकशीची खिडकी हाय म्हणतेत. तुमच्या फॉर्मची झेरॉक्स द्या, दोघांचंबी विचारतो."

दोघांचंही. मी झेरॉक्स काढून दिली. दुसरं काय करणार.

मग तो म्हणाला, "आज शुक्रवार, जायच्या आधी तुमचं रजिस्टर उतरवून ठेवतो." आणि रजिस्टर उचलून कॉम्प्युटरकडं गेला.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. चोरी करणारा माणूस पुरावा लपवतो. मी चोरी आधी नंबर टाकून, तारीख घालून, सुवाच्य अक्षरात रजिस्टरला चढवली होती. त्याचं नाव, आलेल्या टपालाचं वर्णन, 'प्रवेशपत्र, परीक्षा', सगळं. आवक-जावकवाल्याशिवाय दुसऱ्या कुणाला हे जमलं नसतं.

मी त्याच्या बोटांकडं बघत बसलो. टक टक टक. सोमवार झाला. मंगळवार आला. मग बोटं थांबली. फार वेळ नाही, पाणी पिऊन पेला खाली ठेवायला लागतो तेवढाच. परत टक टक सुरू झाली. बुधवार, गुरुवार, सगळं पूर्ण केलं. मग रजिस्टर घेऊन माझ्याकडं आला आणि नेहमीसारखं विचारलं, "भाऊ, चारशे बारावर पोहोच न्हाई. कुणाकडं गेलं ते?"

मी ड्रॉवर उघडला आणि लखोटा त्याच्या हातात दिला.

त्यानं पेन घेतलं. पोहोचीच्या रकान्यात सही केली. मग पेन तसंच धरून म्हणाला, "तारीख कोणती टाकू?"

मी म्हणालो, "आजची टाक."

त्यानं मंगळवारची टाकली. रजिस्टरात माझा उशीर उरलाच नाही.

याचा मला जेवढा राग आला तेवढा त्याच्या एकोणीस गणितांचाही आला नव्हता. गणित एक वेळ शिकता येतं. आता त्याच्या या मनाचाही हेवा करायचा म्हणजे माणसानं किती ठिकाणी पुरं पडावं?

शनिवारी मीही त्याच्याबरोबर गेलो. खिडकीवरच्या बाईंनी माझा फॉर्म शोधून काढला. हॉलतिकीट तिथंच पडलं होतं. पत्त्यासाठी चौकोन असतात, एकात एक अक्षर. मी आधी नाव लिहिलं, मग 'वरिष्ठ लिपिक तथा प्रमुख, आवक-जावक विभाग' हे सगळं इंग्रजीत लिहिलं, मग संस्थेचं लांबलचक नाव. चौकोन संपले. हिंगोलीला जागाच उरली नव्हती. ज्या विभागात मी एकटाच, त्याचा प्रमुख मी नसतो तर ते सरळ ऑफिसात आलं असतं.

"तुमचं गाव कोणतं हो?" बाईंनी विचारलं.

मी सांगायच्या आत तोच म्हणाला, "हिंगोली, मॅडम. आमचे भाऊ हायेत ते. यांनीच मला फॉर्म भरायला लावला." बाईंनी हॉलतिकीट दिलं.

निकाल आत्ताच सांगून टाकतो, उगीच कुणाला ताटकळत ठेवायला नको. त्याचं झालं, पुण्याच्या कॉलेजात. माझं झालं नाही. रविवारी माझा नंबर त्याच्या मागं दोन बाक सोडून आला होता. पेपर दोन-अडीच तासांचा. त्यातला किती वेळ मी प्रश्न वाचले आणि किती वेळ त्याची पाठ बघून, आता याची किती झाली असतील, याचा अंदाज केला, हे मला सांगता येणार नाही. त्याची पेन्सिल एकदाही मोडली नाही, एवढं मात्र नक्की सांगतो.

पेपर सुटल्यावर आम्ही स्टँडवर आलो. एका प्लेटीत दोघांनी भजी खाल्ली. गाडीला वेळ होता. मला वाटलं, आता बोलावं.

"त्या लखोट्याचं..." मी म्हणालो.

"मला वाटलं, कामाच्या गर्दीत विसरले तुमी," तो म्हणाला.

"विसरलो नव्हतो."

त्यानं भज्याचा शेवटचा तुकडा मोडला. अर्धा माझ्याकडं सरकवला. "म्हाईत हाय, भाऊ," तो म्हणाला. "मंगळवारपासून झोप न्हाई लागली मला. बापाला काय सांगू, एवढंच डोक्यात. तेवढे तीन दिस तुमी मला द्यायला नव्हते पाहिजे."

माफी मागायला पाहिजे होती, तीही सुचली नाही. सुचलं ते एवढंच, की हे सांगायलाही त्याला आवाज चढवावा लागला नाही, आणि मला तेही जमलं नसतं.

तेवढ्यात हिंगोलीची गाडी लागली. गर्दी धावली. तोही धावला, आणि खिडकीतून आत रुमाल टाकून त्यानं दोन जागा धरल्या. मी चढलो तेव्हा तो आतल्या बाजूला सरकून बसला होता. खिडकीची जागा माझ्यासाठी मोकळी ठेवली होती.

मी तीही घेतली.