थोरली, धाकटी आणि मधला स्विच

टेलिफोन एक्सचेंजमध्ये त्यांना सगळे ऍसिडराव म्हणायचे. स्वभाव म्हणाल तर अगदी गाय. एकतीस वर्षांच्या नोकरीत ते कुणाला वाकडं बोलल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. पण त्यांच्या प्रत्येक शर्टाला पोटाजवळ बारीक बारीक भोकं असायची, बॅटरीतलं ऍसिड उडून पडलेली. त्यावरून हे नाव पडलं आणि कायमचं चिकटलं.

त्यांचं काम तळघरात. वरच्या मजल्यावर अख्ख्या शहराची बोलणी चालायची आणि ती चालायची खाली ठेवलेल्या बॅटऱ्यांवर. कमरेइतक्या उंच काचेच्या टाक्या, एका रांगेत चोवीस, समोरच्या रांगेत आणखी चोवीस. एक रांग कामाला जुंपलेली, दुसरी चार्ज होत पडलेली. कागदोपत्री त्या पहिली बँक आणि दुसरी बँक होत्या. ऍसिडराव त्यांना थोरली आणि धाकटी म्हणत. "आज थोरलीची तब्येत जरा बरी नाही," असं ते साहेबांनाही बिनदिक्कत सांगायचे आणि साहेबही गंभीरपणे मान डोलवायचे.

पुढे एक्सचेंज बंद झालं. टाक्या भंगारात गेल्या, तळघरात कुणीतरी फर्निचरचं गोदाम थाटलं. ऍसिडराव निवृत्त झाले. सहा वर्षांपूर्वी बायको गेली, तेव्हापासून हत्यारांची पिशवी त्यांनी माळ्यावर टाकली ती टाकलीच. हातही हल्ली थरथरायचा. कपातला चहा बशीत सांडला, की ते हात टेबलाखाली घ्यायचे.

त्यांची मुलगी गावाबाहेरच्या एका छोट्या दवाखान्यात नर्स होती. डॉक्टर आठवड्यातून तीन दिवस यायचे, बाकी सगळा डोलारा तिच्यावर. वीज तिकडे लहरीवर, म्हणून छतावर सोलरची पॅनेल आणि मागच्या खोलीत चार बॅटऱ्या. त्यावर लशींचा फ्रिज चालायचा. बॅटऱ्या जुन्या झाल्या म्हणून कुणीतरी चार नव्या देणगीदाखल दिल्या. बसवायला आलेल्या माणसाने जुन्या आणि नव्या सरळ एकमेकींना जोडल्या आणि तो निघून गेला. दोन महिन्यांत नव्याही मान टाकायला लागल्या.

"बाबा, आता तर दुपारी चारलाच फ्रिजचा अलार्म ओरडायला लागतो," मुलगी फोनवर म्हणाली. "तुम्ही येऊन बघा ना एकदा."

"मला काय कळतंय सोलरमधलं?"

"बॅटऱ्यांमधलं तर कळतं."

ते दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने गेले. मागच्या खोलीचं दार उघडलं आणि तो आंबूस, जिभेवर धातूसारखा लागणारा वास नाकात शिरला. ऍसिडराव उंबरठ्यावर थबकले. मुलीला वाटलं दम लागला. पण ते नुसते वास घेत होते, गावाहून आलेलं पत्र वाचावं तसे.

मग त्यांनी आठही बॅटऱ्या एकेक करून तपासल्या आणि निदान केलं. "अगं, ही थोरली म्हातारी झालीय. पेलाभर प्यायली की हिचं पोट भरतं आणि रात्रभरात ते पण झिरपून जातं. धाकटीच्या अंगात ताकद आहे, पण दोघी जोडलेल्या, त्यामुळे धाकटीचं सगळं थोरलीला पाजण्यात जातं. दोघींना वेगळं करायचं. मध्ये स्विच बसवायचा. एका वेळी एकच कामाला."

"मग म्हातारीला टाकून द्यायचं?"

"टाकायचं कशाला? धाकटी उन्हाने भरून झाली, की दिवसाचे दिवे-पंखे थोरली ओढेल. फ्रिज रात्री धाकटीवर."

बाजारातल्या दुकानदाराने काढून दिलेला स्विच मोठा झोकदार होता. लाल मुठीचा. "काका, ह्यात एक, दोन आणि दोन्ही एकदम, अशा तिन्ही सोयी आहेत," तो म्हणाला.

"म्हणूनच नको," ऍसिडराव म्हणाले. "कुणीतरी विसरून दोन्हीवर ठेवणार आणि मग पहिले पाढे पंचावन्न. मला एक, बंद आणि दोन एवढंच पाहिजे."

दुकानदाराने मागच्या फळीवरून धूळ खात पडलेला एक साधा, दणकट स्विच शोधून आणला. ऍसिडरावांनी त्याची मूठ चार-पाचदा फिरवली, कानाजवळ धरून खटका ऐकला आणि पिशवीत टाकला.

खरी अडचण पुढे होती. केबलच्या टोकाला तांब्याचा लग, म्हणजे नटाखाली अडकवायची कडी, दाबून बसवताना त्यांचा हात असा काही थरथरला की लग दोनदा जमिनीवर पडला. तिसऱ्यांदा त्यांनी तो उचललाच नाही. 

मुलीने तो उचलला. "मी करते. तुम्ही फक्त सांगा."

"तुला जमेल?"

"तान्ह्या बाळाची शीर सापडते मला, बाबा. हे तर बोटाएवढं जाड आहे."

तेव्हा ऍसिडराव स्टुलावर बसले आणि ती जमिनीवर. "आधी हातातलं कडं काढ," ते म्हणाले. "घड्याळ पण. पान्याला टेप गुंडाळ, नुसतं टोक उघडं ठेव. पाना दोन टोकांमध्ये आडवा पडला तर जागच्या जागी वेल्डिंग होईल." तिने सगळं तसंच केलं. दोन्ही बँकांच्या काळ्या केबल एका पट्टीवर आणल्या. लाल केबलवर बॅटरीपासून वीतभर अंतरावर एकेक फ्यूज घातला. थोरलीची लाल केबल स्विचच्या एक नंबरला, धाकटीची दोन नंबरला आणि मधल्या टोकापासून इन्व्हर्टर व छतावरची वीज आवरणारा कंट्रोलर. प्रत्येक नट आवळून झाला की ती केबल हलवून दाखवायची आणि ते मान हलवायचे. वरून गंज चढू नये म्हणून व्हॅसलीनचा हात. दुपारचे तीन वाजले. तिच्या पांढऱ्या युनिफॉर्मवर पोटाजवळ दोन पिवळसर ठिपके पडले होते. उद्या तिथे भोकं पडणार हे तिला ठाऊक नव्हतं, त्यांना होतं.

"आता नीट ऐक," ते म्हणाले. "बँक बदलायची तर आधी छतावरून येणारी वीज तोडायची, मग स्विच फिरवायचा. उलटं केलंस तर कंट्रोलर जळेल. आणि फिरवताना क्षणभर सगळं बंद पडेल. तेव्हा तू पुढे जाऊन बघ, काही महत्त्वाचं चालू नाही ना. तिथून मला फोन कर."

ती पुढच्या खोलीत गेली. फोन वाजला. त्यांनी पॅनेलचा खटका खाली ओढला, स्विचच्या मुठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "बदलतोय."

"थांबा, बाबा," पलीकडून आवाज आला. "एका आजींना वाफ देणं चालू आहे. दहा मिनिटं लागतील."

ऍसिडराव थांबले. कानाला फोन, मुठीवर हात, आणि हळूहळू ते चाळीस वर्षं मागे गेले.

एक्सचेंजमध्येही असंच होतं. बँक बदलण्याआधी तळघरातून वर ऑपरेटरला फोन करायचा, "बदलतोय." वरून "बदला" आलं की मोठी मूठ ओढायची. बोलणी तुटत नसत, पण लाइनवर खरखर यायची. कोणताही ऑपरेटर पापणी न लववता "बदला" म्हणायचा. एका दुपारी मात्र नवाच आवाज आला, "थांबा जरा. एक बाई बोलतेय. परदेशातल्या मुलाशी, दोन वर्षांनी. तिचं होऊ दे." ऍसिडराव मूठ धरून उभे राहिले. एक मिनिट, दोन, पाच. फोनमध्ये त्या नव्या ऑपरेटरचा श्वास ऐकू येत होता. अकराव्या मिनिटाला ती म्हणाली, "बदला. आणि थँक्यू हं." त्या संध्याकाळी ऍसिडराव आयुष्यात पहिल्यांदा जिना चढून वर गेले, कोण ते बघायला. पुढच्या वर्षी लग्न झालं.

"झालं, बाबा. बदला," मुलगी म्हणाली.

त्यांनी मूठ फिरवली. खट्. पंखा थांबला, खट्, पुन्हा फिरू लागला. फ्रिजची घरघर भिंतीपलीकडून ऐकू आली. त्यांनी पॅनेलचा खटका वर केला आणि स्टुलावर बसले.

मुलगी चहा घेऊन आली तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. मग त्यांनी तिला ती अकरा मिनिटं सांगितली. आजवर कुणाला सांगितली नव्हती.

ती गालातल्या गालात हसायला लागली. "आईने सांगितलंय मला हे."

"काय सांगितलंय?"

"त्या बाईचं बोलणं तिसऱ्याच मिनिटाला संपलं होतं. खालचा माणूस किती वेळ थांबतो, ते आई बघत होती."

ऍसिडरावांनी बोटांवर हिशेब केला. "आठ मिनिटं?"

"आठ मिनिटं. म्हणाली, शेवटी मलाच लाज वाटली. तुम्हाला हे माहीत असेल असं वाटलं होतं मला."

ते आधी बेतानेच हसले, मग अंग गदगदेपर्यंत हसले. चहा बशीत सांडला, मांडीवर सांडला, आणि या वेळी त्यांनी हात लपवला नाही. "कधी बोलली नाही," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "बघ की, कधी बोलली नाही."

त्यानंतर फ्रिज दुपारी ओरडला नाही. ऍसिडराव दर बुधवारी सकाळच्या बसने दवाखान्यात जाऊ लागले. डिस्टिल्ड वॉटरचा कॅन, ऍसिडची घनता मापायची काचेची नळी आणि एक वही एवढं सामान. नट मुलगी आवळायची, आकडे ते लिहायचे. पावसाळा सरता सरता थोरलीने कायमचं अंग टाकलं. तिच्या जागी कोणती बॅटरी घ्यायची यावर बाप-लेकीचं कडाक्याचं भांडण झालं, त्यात डॉक्टरांनीही तोंड घातलं, आणि ऍसिडराव पहिल्यांदाच कुणाला तरी वाकडं बोलले.