सातव्या महिन्याच्या बांगड्या

लग्न ठरवताना मला कुणी होडीचं सांगितलं नव्हतं. मुलगा चांगला आहे, घोडेगावात बांगड्यांचं दुकान आहे, सासू-सासरे मायाळू आहेत, एवढंच कानावर आलं होतं. माझं माहेर जुन्नरचं, भर पेठेतलं. पाणी म्हणजे नळाला येतं ते, इतकीच माझी त्याच्याशी ओळख. आणि हातावरची मेंदी उतरली नाही तोच सासरे म्हणाले, "नवरात्र आलं. वाड्या करायला निघू. सूनपण येईल." मी नवऱ्याला विचारलं, वाड्या म्हणजे काय करायच्या असतात? तो नुसता हसला. त्या हसण्याचा मला अजून राग आहे.

आम्ही मणियार. पिढ्यान्‌पिढ्या बांगड्या भरायचा धंदा. वरच्या खोऱ्यातल्या बायका मात्र आम्हाला कासारच म्हणत. धरण होण्याआधी सासरे खांद्यावर बांगड्यांच्या माळा टाकून नदीकाठची गावं पायी फिरत. मग पाणी अडलं, गावं बुडाली. कुणी पुनर्वसनात खाली गेलं, कुणाला डोंगर सोडवेना म्हणून ते नुसतेच वर सरकले. पावसाळा संपला की धरण काठोकाठ भरे आणि त्या सरकलेल्या वाड्यांच्या तिन्ही अंगांनी पाणी होई. काही टेकड्यांना तर चारही अंगांनी. तिथं ना एसटी, ना वाट, ना वीज. दुसऱ्या कुणी तो नाद सोडला असता. आमच्या सासऱ्यांनी उतारवयात एक जुनी लाकडी होडी विकत घेतली आणि म्हणाले, बायका तिथंच आहेत, मग आपण का जायचं नाही?

तर अशी आमची सहल. सासरे, म्हणजे आमचे अब्बा, आणि माझा नवरा वल्ही मारणार. मध्ये बांगड्यांच्या पेट्या. पेट्यांच्या अलीकडे अम्मा, माझी सासू, आणि पलीकडे मी, जीव मुठीत धरून. वारा पाठीचा असला की अब्बा बांबूला एक जुनी चादर बांधत. तेच आमचं शीड. त्या चादरीवर मोठाली लाल गुलाबं छापलेली होती. टेकडीवरच्या बायका लांबून ती गुलाबं बघूनच ओरडायच्या, "कासार आलं गं, कासार आलं!" मी घाबरून होडीची कड धरली की अम्मा म्हणे, "कड कशाला धरतेस? होडी बुडाली तर कडपण बुडेल." घरात आमची बोली दखनी वळणाची, पण इथं मी तिचं मराठीतच लिहिते. बोलणं तसंच होतं, तिखट.

अम्माचं काम बघत राहावं असं होतं. ती बाईचा हात हातात घ्यायची, अंगठ्याने पंजा जरा दाबायची, आणि माप तिला कळायचं. डोळ्यांनी नाही, अंगठ्याने. बांगडी अशी बसली पाहिजे की चढताना बाईने 'आई गं' म्हणावं आणि मग ती वर्षभर हातातून निसटू नये. ढिली बांगडी म्हणजे कासाराची नाचक्की. भरताना फुटली तर नुकसान आमचं. हात भरून झाले की बाई वाकून नमस्कार करायची आणि अम्मा तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायची, "चुडा जन्माचा राहू दे. लेकरंबाळं सुखात राहू दे." दरेक बाईला तेच, त्याच क्रमाने. मी मनात म्हणायची, पोपटच आहे नुसती.

त्या खेपेला एका पोरीच्या बांगड्या वेगळ्या काढून ठेवल्या होत्या. घोडेगावच्या बाजारात एक म्हातारा दुकानावर येऊन सांगून गेला होता. त्याच्या सुनेला सातवा महिना लागत होता. पोरीला आई नव्हती, घरात सासूही नव्हती. "तिचं कोण करनार मावशी? तुमीच येऊन हिरव्या भरा," असं तो अम्माला म्हणाला होता. अम्माने तिच्या लग्नात चुडा भरला होता, त्यामुळे माप पाठ होतं. सव्वादोन. तिने हिरव्या काचेच्या सव्वादोनच्या बांगड्या एका फडक्यात बांधून पेटीत वर ठेवल्या.

त्या पोरीच्या टेकडीआधी एक वाडी लागते. सकाळी आम्ही तिथं पोचलो तर कडेला पुष्कळ माणसं उभी. मला वाटलं, आपलीच वाट बघतायत. पण एकही बाई ओरडली नाही, की हात केला नाही. अब्बांनी वल्हं थांबवलं.

दगडावर घोंगड्याखाली कुणीतरी झोपवलेलं होतं. पाय तेवढे बाहेर होते. त्या पायांना चिखलाचा कण नव्हता, पाण्याने धुऊन पांढरे पडलेले. उशाशी तोच म्हातारा बसला होता. त्याचा पोरगा पहाटे ट्यूबच्या तराफ्यावर बसून जाळं काढायला गेला होता. वाऱ्याने तराफा उलटला. या वाडीच्या माणसांना तो सकाळी सापडला, मग त्यांनी म्हाताऱ्याला बोलावून आणलं. माझा नवरा होडीचा दोर हातात धरून तसाच उभा राहिला. दर वर्षी आमची होडी कडेला लागली की दोर धरायला हाच पोरगा पाण्यात उतरायचा.

म्हातारा उठून अम्माजवळ आला. रडत नव्हता. म्हणाला, "मावशी, तिला ठावं न्हाई. घोडेगावला मानूस गेलाय. पोलीस येतील, तिचा भाऊबी येईल. तवर तिला कळू देऊ नका. सातवा महिना हाय. पोटातलंबी जाईल माजं."

अब्बा म्हणाले, "मग आम्ही तिकडे जातच नाही."

"न्हाई पावनं, जावा. आज तुमी येनार म्हनून ती कालपास्नं वाट बघतीया. तुमी न्हाई गेला तर कडंला येऊन बसंल, इचारंल. कुनीतरी बोलंल." त्याने अब्बांचे दोन्ही हात धरले. "बांगड्या भरा आन्‌ या. बस."

अब्बांनी मान हलवली. शब्द दिला तो असा.

पाण्यात आल्याबरोबर माझं तोंड सुटलं. मी नवी सून होते, सासऱ्यांसमोर मान वर करायची नाही असं माहेरून शिकवून पाठवलेलं होतं. पण राहवेना. मी म्हटलं, "अम्मा, तुम्ही खरंच भरणार? नवरा तिकडे दगडावर पडलाय आणि तुम्ही तिच्या हातात हिरवा चुडा चढवणार? उद्या त्याच बांगड्या दगडाने फोडतील तिच्या. माणसं आहात का कोण आहात?"

नवरा म्हणाला, "गप बस."

"का गप बसू? ते शीड तरी उतरवा. गुलाबं कसली मिरवताय मेलेल्या माणसाच्या दारात!"

अब्बा चादरीकडे बघत म्हणाले, "उतरवली तर तिला संशय येईल."

 अम्मा माझ्याकडे न बघता म्हणाली, "एवढं वाटतं ना तुला? मग तू सांग तिला. आहे हिंमत?"  माझ्या हातात लग्नाचा चुडा कोपरापर्यंत होता आणि होडी हलली की तो वाजत होता. मी पदराखाली हात घट्ट धरून बसले.

ती कडेलाच उभी होती. वीस वर्षांची असेल नसेल. पोट पुढे आलेलं, केस नुकतेच विंचरलेले, कपाळाला ठसठशीत कुंकू. "मावशी, लई उशीर केला!" असं म्हणून तिने स्वतःच दोर धरला. "आमचं मानूस न्हाई आज. जाळ्याला गेलंय, सासरं बलवायला गेल्यात." मी दुसरीकडे बघितलं.

तिच्या पडवीत घोंगडं अंथरलं. पाच-सहा बायका जमल्या. त्यांनाही काही माहीत नव्हतं, त्या चेष्टेवर होत्या. "कासारीनमावशी, नवी सून लई नाजूक आणलीया! पान्यात पडली तर तरंगंल!" एरवी मी फाडकन उत्तर दिलं असतं.

अम्माने तिचा हात घेतला. पंजा दाबला. नेहमीपेक्षा जास्त वेळ धरून ठेवला. मग फडक्यातली सव्वादोनची हिरवी बांधणी तशीच ठेवून तिने पेटीच्या तळातून दुसरी काढली. एव्हाना मला माप वाचता यायला लागलं होतं. अडीच होती. मला वाटलं, म्हातारी गडबडली. मी हळूच म्हटलं, "अम्मा, ती नाही, ती दुसरी." तिने माझ्याकडे असं बघितलं की मी जीभ चावली.

अडीचच्या बांगड्या सरसर चढल्या. दाबावं लागलं नाही, 'आई गं' झालं नाही. पोरीने हात हलवला तर त्या कोपराकडे गेल्या आणि परत पंजावर आल्या. "ढिल्या हायेत गं मावशी."

"हात सुजत्यात बये शेवटाला. घट्ट भरल्या तर रुततील."

"व्हय का? मला कोन सांगनार असलं," असं म्हणत ती हसली. मग जपून, गुडघे टेकून नमस्काराला वाकली. अम्माने डोक्यावर हात ठेवला. म्हणाली, "बाळंतपण सुखाचं व्हवू दे. लेकरू धडधाकट व्हवू दे."

पोरगी वाकलेलीच राहिली. पुढचं यायचं होतं ना, म्हणजे खरं तर आधीचं, चुड्याचं. ते आलंच नाही. अम्माने हात काढून घेतला आणि शेजारणीला पुढे बोलावलं.

शेजारणीला अम्माने नेहमीसारख्या भरल्या, हाड दाबून, अगदी कचकचून. ती "मेले, मेले!" करून ओरडली, बायका हसल्या. हात भरून झाले, ती वाकली आणि अम्माच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "चुडा जन्माचा राहू दे." ते शब्द मी ऐकले, आणि पलीकडे बसलेल्या पोरीनेही ऐकले. ती आपल्या मनगटावरची एक बांगडी दोन बोटांत धरून पुढे-मागे करत होती. करता करता थांबली. या अल्लाह, आता तिला कळणार, असं मला वाटलं आणि मी पेट्या भरायला उठले.

आम्ही कधी एवढ्या घाईने निघालो नसू. चहाला थांबलो नाही. अब्बा होडीत चढले, नवऱ्याने वल्हं घेतलं, अम्मा आणि मी बसलो. ती कडेपर्यंत आली, मग पाण्यात उतरली, पातळ भिजलं तरी थांबली नाही. होडीची कड धरून तिने अम्माकडे बघितलं.

"मावशी, तुमचा हात कवा चुकत न्हाई. कुठल्या कडंला हाय त्यो?"

 अब्बांनी हळूच म्हटलं, "आम्ही शब्द दिलाय."

अम्मा म्हणाली, "सांगायचं नाही असा शब्द दिला होता. तिने विचारल्यावर खोटं बोलायचा नाही." आणि ती बाजूला सरकली. पेटी उचलून मांडीवर घेतली आणि आपल्याजवळ जागा केली. मी आणि नवऱ्याने पोरीला धरून वर घेतलं.

वारा आता समोरचा होता, शिडाचा उपयोग नव्हता. अब्बांनी चादर उतरवून तिच्या अंगावर घातली, कारण ती भिजली होती. ती रडली नाही. एक हात पोटावर ठेवून बसली. मी मनातल्या मनात भांडत होते. अम्माशी नाही, त्या पाण्याशी. हेच का तुला मिळालं, एवढी गावं गिळून पोट भरलं नव्हतं का तुझं? असलं काहीबाही.

वाडी दिसायला लागली. कडेची माणसं दिसायला लागली. तेव्हा तिने दोन्ही हात अम्मासमोर धरले, सकाळी पडवीत धरले होते तसेच. "तुमीच काढा," म्हणाली. "ती लोकं फोडत्यात."

अम्माने तिचा पंजा हातात घेतला. आता दाबायची गरज नव्हती. एकेक बांगडी सरकवून काढली, आधी उजव्या हातातली, मग डाव्या. एकही फुटली नाही, काचेचा ओरखडासुद्धा उठला नाही. अम्माचे ओठ हलत होते, पण ती काय म्हणत होती ते मला ऐकू आलं नाही. बांगड्या तिने आपल्या ओच्यात ठेवल्या. होडीत बसल्यावर जे मी सकाळी तिला बोलले होते, ते सगळं मला आठवत होतं, आणि ती मात्र माझ्याकडे बघतही नव्हती.

होडी कडेला लागली. म्हाताऱ्याने सुनेला बघितलं आणि त्याने तोंड झाकून घेतलं. गर्दीतून एक वयस्क बाई पुढे आली. रीत करणारी कुणी एक असतेच, तशी ती. येता येता तिने वाकून काठावरचा एक दगड उचलला. पोरगी अंगावरची गुलाबांची चादर सावरत खाली उतरली आणि तिच्यासमोर उभी राहिली. तिने आपले दोन्ही हात पुढे केले. बाईने ती मोकळी मनगटं बघितली, मग होडीत बसलेल्या अम्माकडे बघितलं, आणि दगड जिथून उचलला होता तिथंच खाली ठेवला.