काटा मागे फिरवायचा नाही

साठच्या दशकात वेंगुर्ल्यातल्या आमच्या घरात टोल्यांची दोन घड्याळं होती, एक ओटीवर आणि एक माजघरात. दोघांचं कधी जमलं नाही. ओटीवर चार वाजलेले ऐकून आत जावं, तर आत अजून चार व्हायचेच असत. वडील बोटीवर नोकरीला. निघताना आईला बजावून जात, "काटो मागे फिरवू नको गो, टोले बिघडतले. घड्याळ फुडे गेला तर थांबव नि वाट बघ."

आई शेजारच्या रेडिओवर वेळ ऐकून येई, पुढे गेलेल्या घड्याळाचा लंबक थांबवी आणि खरी वेळ तिथवर येईपर्यंत समोर पाटावर बसून राही. मी चिडायचो. एसटीसुद्धा मनाला येईल तेव्हा यायची. आम्हाला मिनिटांशी काय कर्तव्य होतं? पण तेवढ्या वेळात घर इतकं गप्प होई की मीही तिच्याशेजारी येऊन बसायचो.

पुढे मी संगणकाचा कारभार चालवणाऱ्या कर्नेलवर काम केलं. त्या यंत्रात प्रोसेसर अनेक, आणि प्रत्येकाचं घड्याळ वेगळं. काम एकावरून दुसऱ्यावर गेलं की वेळ मागे सरकल्यासारखी दिसे आणि सगळा घोळ होई. उपाय मला ठाऊक होता: वेळ मागे न्यायची नाही, मागे पडलेलं घड्याळ तिला गाठेपर्यंत आहे तिथेच धरून ठेवायची.

वडील रजेवर घरी आले की मात्र दोन्ही घड्याळं वाटेल तेव्हा टोले देत, आणि आई घड्याळांकडे ढुंकूनही बघत नसे.